हीटर बंदच झाला नाही

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि लक्षात आलं की पाणी हिरवं का होतं, मासे किती वेळा खातात असे नेहमीचे प्रश्न फारच कमी आहेत. बहुतेकांनी एकच लिहिलंय, मशीन बिघडलं आणि मासे गेले. कोणाचा हीटर, कोणाचा फिल्टर, कोणाची लाईन गेली. म्हणून नेहमीसारखी दहा-बारा छोटी उत्तरं न देता या वेळी चारच पत्रं घेतलीत आणि जिथे उत्तर लांबलं तिथे लांबू दिलं. नाव छापू नका अशी दोघांनी विनंती केली होती, मग सगळ्यांचीच नावं काढली.

प्रश्न : काका नमस्कार. मी नागपुरात त्रिमूर्ती नगरला राहते. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, त्यात एंजलची एक जोडी आणि आठ निऑन टेट्रा होते. एंजल चार वर्षांचे, अगदी रुपयाएवढे असताना आणलेले. जानेवारीत जुना हीटर बंद पडला म्हणून नवीन आणायला गेले तर दुकानदार म्हणाले मोठाच घ्या ताई, लवकर तापते, आणि ३०० वॅटचा दिला. बारा दिवस मस्त चालला. तेराव्या रात्री अकराला मी स्वतः पाहिलं, २६ होतं. सकाळी सहाला उठले तर झाकणाला आतून पाणी सुटलेलं, थर्मामीटर ४१ वर आणि हीटरचा लाल दिवा तेव्हाही चालूच. सगळे गेले होते. मी प्लग न काढताच पाण्यात हात घातला, एवढंही भान नव्हतं. नवरा म्हणतो रात्री एकदा उठून बघायचं ना. तेव्हापासून टाकीवर बेडशीट टाकून ठेवलीय, त्या खोलीत जावंसं वाटत नाही. चूक माझी आहे का, आणि परत मासे आणायचा मला हक्क आहे का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चूक तुमची नाही, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, हिशोब करून म्हणतोय. हिशोब खाली देतो, तुमच्या यजमानांनीही तो वाचावा.

साध्या हीटरमध्ये वरच्या काळ्या टोपीखाली दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. तापली की एक धातू जास्त वाढतो आणि दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, करंट बंद. पाणी गार झालं की पट्टी सरळ होऊन कॉन्टॅक्ट परत लागतो. रात्रभरात हे कितीतरी वेळा होतं आणि दर वेळी कॉन्टॅक्ट सुटताना तिथे बारीकशी ठिणगी पडते. त्या ठिणग्यांनी टोकं जळतात, खडबडीत होतात आणि एखाद दिवशी वेल्डिंग केल्यासारखी एकमेकांना चिकटतात, मग पट्टीने कितीही जोर लावला तरी करंट तुटत नाही. वॅट जास्त म्हणजे करंट जास्त, ठिणगी मोठी. वर छोट्या टाकीत मोठा हीटर लावला की तो पटापट चालू-बंद होत राहतो म्हणजे ठिणग्याही जास्त वेळा. बारा दिवसांत हे होऊ शकतं, बारा महिन्यांतही होऊ शकतं, बाहेरून बघून ते कोणालाच कळत नाही, मलाही कळलं नसतं.

आता हिशोब. खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर तुमच्या टाकीत साधारण ६० लिटर पाणी असेल. एवढं पाणी एक अंशाने वर न्यायला ३०० वॅटच्या हीटरला जवळपास १४ मिनिटं लागतात. म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटला त्या क्षणापासून २६ चे ३६ व्हायला अडीच तास पुरे. तुम्ही बाराला उठून पाहिलं असतं आणि तो एकला चिकटला असता तर? तुम्ही तीन वेळा उठला असता तरच कदाचित सापडलं असतं, आणि थंडीच्या रात्री तीन वेळा उठून थर्मामीटर बघणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

आता तोच बिघाड ५० वॅटच्या हीटरमध्ये झाला असं समजा. त्याला एक अंशासाठी ८४ मिनिटं लागतात. सात तास सलग चालू राहिला तरी फार तर पाच अंश, तेही काचेतून उष्णता बाहेर जातच नाही असं धरलं तर. म्हणजे सकाळी ३१. एंजल ३१ वर मरत नाहीत. तुम्ही सकाळी उठून आज पाणी जरा गरम वाटतंय म्हणाला असता, प्लग काढला असता आणि ऑफिसला गेला असता. बिघाड तोच, पट्टी तशीच चिकटलेली, फरक फक्त वॅटचा. मोठा हीटर घ्या हा सल्ला चुकीचा होता, आणि तो तुम्ही विश्वासाने ऐकलात कारण विकणाऱ्याला जास्त कळतं असंच आपण सगळे धरून चालतो.

पुढच्या वेळी एका हीटरच्या जागी छोटे दोन लावा, टाकीच्या दोन टोकांना. तुमच्या टाकीला दोन मिळून ६० ते ७५ वॅट झाले की आपल्याकडच्या बहुतेक रात्री निघून जातात, अगदीच कडाका पडला तर टाकीला तीन बाजूंनी थर्माकोल लावा. नागपूरची थंडी सहसा १० ते १३ च्या आसपास राहते, पण डिसेंबर २०१८ च्या शेवटी पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तशा रात्रीला थर्माकोल आणि जुनी चादर फार उपयोगी पडते. दोन हीटर असले की एक अडकला तर पाणी उकळत नाही आणि एक बंद पडला तर दुसरा निदान जीव वाचवण्याइतकं पाणी कोमट ठेवतो. हे दोन्ही बाजूंनी बघणं महत्त्वाचं आहे, कारण हीटर जळून बंद पडेल एवढीच भीती आपल्याला असते, तो बंदच होणार नाही हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

यावर अजून एक वस्तू घ्या, बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर. त्याचा सेन्सर पाण्यात असतो आणि हीटरचा प्लग त्याच्यात लागतो. कंट्रोलर २६ वर ठेवा आणि हीटरची स्वतःची चकती २८ वर. रोजचं चालू-बंद कंट्रोलर करेल, हीटरची पट्टी नुसती राखण करत बसेल, आणि पाणी उकळायला दोघांनाही एकाच रात्री बिघडावं लागेल. साधा काचेचा थर्मामीटर मात्र वेगळा ठेवाच. सेन्सरचं काय होतं ते आपण नागपूरकरांनी पाहिलंय, ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. बाकीच्या केंद्रांचे आकडे शेजारी होते म्हणून ते पकडता आलं. टाकीतही दुसरा आकडा शेजारी लागतो.

आणि होळी झाली की हीटरचा प्लग काढून ठेवा, दसऱ्यापर्यंत आपल्याकडे त्याचं काही कामच नाही. उगाच वर्षभर पाण्यात लटकत राहतो आणि पट्टी झिजत राहते.

तुम्ही प्लग न काढता हात घातलात ते वाचून माझा जीव वरखाली झाला. जास्त तापलेल्या हीटरची काच तडकलेली असू शकते, मग पाण्यात करंट उतरतो. मासे मेलेले दिसले तरी आधी बोर्डाचं बटन बंद, मग प्लग, मग हात. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर टाकीसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी बसवून घ्या, ३० मिलिअँपचा. टाकीच्या वायरी बोर्डाच्या खाली लोंबतील अशा सोडा म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

टाकीचं म्हणाल तर ४१ वर गेलेल्या पाण्यात फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया उरले असतील असं धरू नका, त्यात दीड-दोन महिने रिकामी आहे म्हणजे त्यांना खायलाही काही मिळालेलं नाही. ती टाकी नवीनच समजा. जुनं पाणी काढा, खडे धुवा, क्लोरीन काढलेलं पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि रोज चिमूटभर खाद्य नुसत्या पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होतो, अमोनियावर बॅक्टेरिया वाढतात, चार ते सहा आठवडे जातात. अमोनिया आणि त्यातून बनणारं नायट्राईट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की टाकी तयार. या सहा आठवड्यांत मासे आणायचे की नाही हे ठरवायची घाई नाही. पाणी वाहताना ऐकू येईल, जावा फर्नचं एखादं रोप लावा, खोलीत जाणं सुरू होईल.

हक्काचं विचारलंत. ज्या बाईने मध्यरात्रीच्या आधी थर्मामीटर बघितला, ज्या बाईला चार वर्षांनंतरही आठवतं की एंजल रुपयाएवढे होते, तिला नसेल तर मग कोणाला आहे? यजमानांवर रागावू नका, पण त्यांना एकदा शांतपणे सांगा की त्या वाक्याने मला फार लागलं. बऱ्याच वेळा पुरुष माणसाला घरात काही वाईट झालं की कारण शोधून दाखवावंसं वाटतं, त्यालाच ते आधार देणं समजतात. मीही असाच होतो, मला माझ्या बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

प्रश्न : राम राम भाऊ. मानेवाड्यावरून लिहून रायलो. मागच्या आठवड्यात वादळ आलं, संध्याकाळी सातला लाईन गेली ते पहाटे चारला आली. माह्या तीन फुटाच्या टाकीत पाच गोल्डफिश होते. मी आन माह्या पोरीनं मगानं पाणी उचलून उचलून वरून सोडलं, नऊ तास भाऊ, एकही मेला नाही. लाईन आली, बाहेरचा डब्बा फिल्टर आपोआप सुरू झाला, आम्ही झोपलो. आठला उठलो तं पाचही मेलेले आन पाण्याले गटारासारखा वास. नऊ तास वाचले आन लाईन आल्यावर काहून मेले? पोरगी म्हणते बाबा आपण झोपलो म्हणून मेले.

उत्तर : भाऊ, आधी पोरीला बोलवा आणि तिला हे वाचून दाखवा. बेटा, तू रात्रभर मगाने जे केलंस ते शंभर टक्के बरोबर होतं आणि त्यानेच मासे नऊ तास जगले. वरून पडणारं पाणी हवा ओढून घेतं, एअर पंप जे करतो तेच तू हाताने केलंस. मासे तू झोपलीस म्हणून गेले नाहीत. ते फिल्टरने गेले.

झालं काय ते सांगतो. डब्बा फिल्टरच्या आत जी रिंग आणि स्पंज असतात त्यांच्यावर बॅक्टेरियाची वस्ती असते, माशांच्या घाणीतला अमोनिया तेच खातात. त्यांनाही ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्यातून मिळतो. लाईन गेली की डब्ब्यातलं पाणी थांबतं. डब्बा चारी बाजूंनी बंद, दोन-तीन तासांत आतला ऑक्सिजन संपतो, चांगले बॅक्टेरिया गुदमरायला लागतात आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जंतू तिथे साचलेली घाण कुजवायला लागतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईडचा. गरमीत हे आणखी लवकर होतं. नऊ तास असं कुजलेलं ते पाणी, पहाटे चारला मोटर सुरू झाल्याबरोबर एका दमात टाकीत गेलं, आणि मासे आधीच रात्रभर थकलेले.

हे फार जणांना माहीत नसतं, दुकानात कोणी सांगत नाही. म्हणून ठळक लिहितो, लाईन गेली की पहिलं काम, डब्बा फिल्टरचं बटन बंद करा, म्हणजे तुम्ही झोपेत असताना तो आपोआप सुरू होणार नाही. दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल तर लाईन आल्यावर डब्बा उघडा, आतलं पाणी संडासात ओता, टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज आणि रिंग हलक्या हाताने खळबळा, मग जोडा. नळाखाली धुवायचं नाही, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले बॅक्टेरियाही जातात. पुढचे आठ-दहा दिवस खाद्य अर्ध्यावर आणि दर दोन दिवसांनी थोडं पाणी बदलायचं. टाकीला मागून अडकवायचा फिल्टर असेल तर त्याचं वेगळं दुखणं, लाईन आल्यावर कधी कधी त्यात पाणी चढत नाही आणि मोटर कोरडीच फिरून जळते, म्हणून त्याच्या खोक्यात एक मग पाणी ओतून मगच चालू करायचा.

गोल्डफिश तसाही थंड पाण्याचा मासा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ३५ ला ७ च्या जवळ. फरक थोडा वाटतो ना, पण गरम पाण्यात माशाच्या शरीराची भूक वाढते, दहा अंशांमागे त्याची गरज साधारण दुप्पट होते. मिळणार कमी आणि लागणार दुप्पट. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ होते, तेवढं दरवर्षी होत नाही पण ४४-४५ तर ठरलेलंच, आणि बंद खोलीतल्या टाकीचं पाणी तेव्हा ३४-३५ ला जातं. म्हणून मे महिन्यात झाकण काढून जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा टेबल फॅन लावा. कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं, आपल्या कोरड्या हवेत तर छानच, जुलैच्या दमट हवेत तेवढं नाही. पाणी उडून कमी होतं ते रोज भरा. बर्फ थेट टाकू नका, बाटलीत पाणी गोठवून झाकण घट्ट लावून ती बाटली तरंगत सोडा, एका वेळी एकच.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक स्पंज फिल्टर घ्या, एअर पंपावर चालणारा, आणि तो डब्बा फिल्टरच्या जोडीला कायम टाकीत ठेवा. स्पंज उघड्या पाण्यात असतो, डब्ब्यासारखा कोंडला जात नाही, वरून पाणी हलत राहिलं तर त्यातले बॅक्टेरिया बराच वेळ तग धरतात. दुसरं, घरी इन्व्हर्टर असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून टाकीजवळचा एक पॉईंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या आणि त्यावर फक्त एअर पंप लावा. पंखा ५० ते ७५ वॅट खातो, एअर पंप ३ ते ५ वॅट, बॅटरीला कळतसुद्धा नाही. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर किंवा यूएसबीवर चालणारा छोटा पंप मिळतो, मोबाईलच्या पॉवर बँकेवर रात्र काढतो. एअर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व लावा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. नाहीतर लाईन गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं आणि तिथून फरशीवर.

मी हे सगळं शहाणपणाने सांगतोय असं वाटेल पण हा व्हॉल्व माझ्याकडेही नव्हता. एका एप्रिलमध्ये आम्ही अमरावतीला लग्नाला गेलो, मागे लाईन गेली, परत आलो तर अर्धी टाकी फरशीवर आणि पंप पाणी जाऊन मेलेला. तीन कोई मासे होते, मुलीच्या दहावीच्या वर्षी आणलेले. मी त्या दिवशी जेवलो नाही. त्यानंतर जिथे जिथे एअर पंप दिसतो तिथे माझी नजर आधी नळीवर जाते, दुसऱ्यांच्या घरीसुद्धा, आणि व्हॉल्व नसला तर मी सांगितल्याशिवाय उठत नाही.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाकडे एक निळा फायटर मासा होता, निळू. नवीन फिल्टर लावला त्याला ओढ फार होती, एका सकाळी फायटर त्याच्या जाळीला चिकटलेला सापडला. मुलगा शाळेत होता. त्याला त्रास नको म्हणून मी दुपारी तसाच निळा दुसरा आणून सोडला. त्याने बघितल्या बघितल्या विचारलं, हा तो नाहीये, तो कुठे गेला? मी म्हटलं तो झोपलाय, दुसरीकडे. आता तो रात्री झोपायला घाबरतो. काय करू? - नंदनवन

उत्तर : ताई, आजच खरं सांगा. रात्री नको, संध्याकाळी, दोघंही खाली जमिनीवर बसून. झोपलाय म्हटलं की लहान मुलाला वाटतं झोपलं की परत येता येत नाही, म्हणून तो घाबरतोय, त्यात त्याचं काही चुकत नाही. मेला हाच शब्द वापरा. बाळा, निळू मेला, मला वाईट वाटलं आणि तुला वाईट वाटेल म्हणून मी खोटं बोलले, ते माझं चुकलं. एवढं पुरे. या वयाची मुलं हमखास मनात धरतात की आपल्यामुळेच झालं, मी काल काचेवर टकटक केलं म्हणून वगैरे, तेव्हा तो विचारो न विचारो, तुझ्यामुळे नाही झालं हे तुम्हीच स्पष्ट म्हणा.

तो विचारेल की निळूला दुखलं का. नाही दुखलं म्हणायचा मोह होईल. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या ओठांजवळ इजा ओळखणाऱ्या नसा असतात हे दाखवलं, ओठाला झोंबेल असं काही टोचलं की ते मासे तोंड खड्यांवर घासत होते आणि कितीतरी वेळ खात नव्हते. म्हणून मी तरी मुलांना असं सांगतो, थोडा वेळ त्रास झाला असेल, आता होत नाहीये. हे खरंही आहे आणि मुलाला पेलतंही.

फिल्टरबद्दल, फायटर हा हवेतून श्वास घेणारा मासा, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो आणि त्याला मधून मधून वर यावंच लागतं. जाळीला चिकटला की वर येता येत नाही. त्याचे पंखही मोठे आणि तो पोहण्यात कमजोर. त्या फिल्टरच्या तोंडावर स्पंजचा तुकडा चढवा, ओढ कमी होते, नाहीतर तो फिल्टर काढून छोटा स्पंज फिल्टर लावा. नवीन फायटर परत करू नका, तो बिचारा कशातच नाही. पण त्याला निळू म्हणू नका, मुलाला वेगळं नाव ठेवू द्या, आणि आधीचा कुठे आहे ते दाखवा. कचऱ्यात टाकला असेल तर तेही खरंच सांगा आणि त्याच्या नावाने कुंडीत एक रोप लावा.

याच्यावरून एक सगळ्यांसाठी. घरातला प्रसंग बघून कंटाळले म्हणून उरलेले मासे फुटाळा किंवा अंबाझरी तलावात नेऊन सोडणारे लोक आहेत, कृपा करून ते करू नका. माशांवर दया केल्यासारखं वाटतं, पण टाकीची काच साफ करायला आणतात तो सकर मासा तिकडे उजनी धरणात शिरून मच्छीमारांची जाळी फाडतोय आणि देशी माशांच्या जागा खातोय. दुकानदाराला परत द्या, ओळखीत कोणाला तरी द्या.

प्रश्न : माझं वय ६८. सप्टेंबर २०२३ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी शिरलं. रात्रीच लाईन गेली, आम्हाला पहाटे बोटीतून बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा टाकी जागेवर होती, उंच स्टँडवर होती म्हणून, पण फिल्टर बंद पडून तीन दिवस झालेले आणि माझा ऑस्कर गेलेला. नऊ वर्षांचा होता. मी खुर्चीवर बसलो की तो काचेजवळ यायचा, दुसरं कोणी बसलं तर येत नसे. आजूबाजूच्या लोकांचं सगळं वाहून गेलं होतं, गाद्या, धान्य, मुलांची पुस्तकं, त्यात मी माशाचं काय सांगणार? कोणालाच सांगितलं नाही. आज तुम्हालाच लिहितोय.

उत्तर : साहेब, एवढे दिवस हे तुम्ही एकट्याने मनात ठेवलंत.

त्या २३ तारखेला पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, अंबाझरी ओसंडून वाहत होता, जीव वाचवून बाहेर पडणं हेच त्या वेळी करण्यासारखं होतं. बोटीत कोणी टाकी नेत नाही. ऑस्करसारखा मोठा मासा, भरपूर घाण करणारा, बंद टाकीत फिल्टरशिवाय तीन दिवस, तो त्या टाकीतला ऑक्सिजन संपला म्हणून गेला, आणि त्यात तुमच्या हातात काहीच नव्हतं.

शेजाऱ्याची गादी वाहून गेली म्हणून तुमचा ऑस्कर गेल्याचं दुःख कमी व्हावं असा काही हिशोब नसतो. शेजाऱ्याला नवीन गादी मिळाली असेल, मिळायलाच हवी. नऊ वर्षं रोज तुमच्या खुर्चीची वाट बघणारा कोणी दुकानात मिळत नाही. तो तुम्हाला ओळखत होता का असं तुम्ही विचारलं नाहीत पण मला वाटतं मनात आहे. २०१६ मध्ये आर्चरफिशवर एक प्रयोग झाला, हा मासा तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडतो. त्याला स्क्रीनवर एक माणसाचा चेहरा शिकवला, मग बऱ्याच अनोळखी चेहऱ्यांमधून तो तोच चेहरा निवडून त्यावर बरोबर पिचकारी मारत होता. ऑस्करवर तो प्रयोग नव्हता. पण तुम्ही बसलात की येतो आणि दुसरं कोणी बसलं तर येत नाही, हे तुम्ही नऊ वर्षं बघितलंय, आणि ज्यांनी ज्यांनी ऑस्कर पाळलाय ते सगळे हेच सांगतात. तो तुमच्यासाठीच येत होता.

एखाद्या शेजाऱ्याला सांगून बघा. पुरात ज्यांचं गेलं ते लोक यावर हसणार नाहीत, मला खात्री आहे, त्यांच्यातल्या कोणाची तरी गाय नाहीतर कुत्रा गेलाच असेल आणि तेही गप्प बसले असतील. टाकी अजून स्टँडवरच आहे का, की विकलीत, ते पत्रात नाही. असेल आणि परत भरायची असेल तर मला कळवा, मी स्वतः येऊन एअर पंप इन्व्हर्टरवर जोडून देतो, धरमपेठ-अंबाझरीकडे माझं आठवड्यातून एकदा येणं असतंच. आणि ऑस्करचा एखादा फोटो असेल, मोबाईलवरचा धूसर असला तरी चालेल, तर पाठवा. पुढच्या अंकात या पानावर जागा ठेवलीय.